जुना नूक सिंपल टच अन् त्यात टाकलेलं पावसाच्या नोंदीचं ॲप: वापरून सांगतो

सरळ सांगतो, ज्याच्या घरी शेती आहे अन् ज्याला जावामध्ये थोडंफार कोडिंग येते त्याले नूक सिंपल टच नावाचा जुना ई-रीडर कुठं स्वस्तात भेटला तर सोडू नका. २०११ चं मशीन आहे, बार्न्स अँड नोबल या अमेरिकेतल्या पुस्तकवाल्या कंपनीचं, आधी अमेरिकेत अन् नंतर ब्रिटनमध्ये विकलं गेलं त्यामुळे आपल्याकडे नाव फारसं कोणाला माहीत नाही. पुस्तकं वाचायला आज याच्यापेक्षा कितीतरी चांगली मशीनं आहेत, पण स्वतःचं एक साधं ॲप बनवून त्यात टाकायचं अन् ते ॲप घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज वापरता आलं पाहिजे, या कामासाठी मला तरी याच्या तोडीचं दुसरं काही सापडलं नाही. मी आर्णीकडे ऑनलाइन फॉर्म-झेरॉक्सचं दुकान चालवतो अन् घरी कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन. माझा पीस चुलत भावाकडून आला, त्याच्या कंपनीतल्या कोणीतरी अमेरिकेहून आणून कपाटात टाकून दिला होता.

आधी मशीनबद्दल. सहा इंची ई-इंक पर्ल पडदा (कागदावरच्या छपाईसारखा दिसणारा), ६०० बाय ८०० पिक्सेल, आतमध्ये ८०० मेगाहर्ट्झचा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, २ जीबी स्टोरेज, बाजूला मायक्रो एसडीची खाच ज्यात ३२ जीबीपर्यंत कार्ड चालते. वजन २१२ ग्रॅम, म्हणजे हातात काही जाणवतच नाही, मागची बाजू रबरासारखी अन् मधे खोलगट त्यामुळे बोटं बरोबर बसतात. दोन्ही बाजूला पान पलटायची खरीखुरी बटणं. स्पीकर नाही, कॅमेरा नाही, पडद्याला लाइट पण नाही, लाइटवालं ग्लोलाइट मॉडेल २०१२ ला आलं. मुख्य गोष्ट ही की आतमध्ये अँड्रॉइड २.१ आहे. कंपनीने ते झाकून ठेवलं, वरून फक्त पुस्तकांची लायब्ररी दिसते, पण खाली आहे अँड्रॉइडच, म्हणजे एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) बनवता येणाऱ्या माणसाला नवीन भाषा शिकावी लागत नाही.

आता पावसाचंच ॲप कायले, तर ऐका. आमच्या इकडे सगळं गणित पावसावर. कृषी विभाग दरवर्षी सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, पण ७५ झाला की नाही हे आपल्या वावरापुरतं कोण मोजते? मृगाचे दोन झडाके पडले, जमिनीतून वास आला, की सगळे तिफण काढतात अन् मग पंधरा दिवस उघाड पडली की दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च डबल. २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, पण ती धरतात महसूल मंडळावर, तिथल्या केंद्रावर जो आकडा येईल तो, अन् एका मंडळात किती गावं येतात ते तुम्हाला माहीतच आहे. नाल्याच्या या बाजूने धो धो अन् त्या बाजूच्या वावरात फुफाटा, हे दर सालचं आहे. आपल्या वहीतल्या आकड्याने सरकारी आकडा बदलत नाही हे मला माहीत आहे. पण पेरायचं कधी, युरिया टाकायचा कधी, डवरणीला वापसा येईल कधी, हे ठरवायला आपल्या धुऱ्यावरचा आकडाच कामाचा. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, म्हणजे १० मिमी झाला तर एकरभर वावरात सुमारे ४० हजार लिटर पाणी पडलं, हे एकदा बाबांना हिशोब करून सांगितलं तेव्हापासून त्यांना पर्जन्यमापकाचा नाद लागला.

वही होतीच की, मग मशीन कशाला, असं कोणी विचारेल. वही भिजते, पेन सापडत नाही, अन् बेरीज कोणी करत नाही. मोबाईलवर ॲप आहेत भरपूर पण बाबांना उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही, दिसला तर मधेच फोन येते, जाहिरात येते, बोट चुकून तिसरीकडेच लागते. ई-इंक उलटं आहे, जेवढं ऊन जास्त तेवढं अक्षर ठसठशीत. अन् चित्र एकदा उमटलं की ते टिकवून ठेवायला बॅटरी लागतच नाही, आतल्या बारीक कुप्यांमधले काळे पांढरे कण जागेवर बसून राहतात, वीज फक्त चित्र बदलताना लागते. लाइन गेली, चार्जिंग राहिलं, तरी अडत नाही.

तर काम कसं करायचं ते. मशीन कोणाकडून वापरलेलं आलं अन् फॅक्टरी रिसेट केलेलं असलं तर चालू होताच ते नोंदणी मागते अन् तिथंच अडून बसते. त्याला बायपास आहे, उजवीकडचं वरचं पान-बटण दाबून धरायचं अन् पडद्याच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे बोट सरकवायचं, कोपऱ्यात फॅक्टरी नावाचं बटण उगवते, ते दाबलं की पुढच्या स्क्रीनवर परत तेच उजवं बटण धरून खालच्या उजव्या कोपऱ्यात टच करायचं, नोंदणी सुटते. मग रूट करणं, म्हणजे कंपनीने झाकलेल्या सिस्टीमचा पूर्ण ताबा आपल्याकडे घेणं. याच्यासाठी नूक मॅनेजर नावाची कार्ड इमेज (अख्ख्या कार्डाची एकाच फाइलीतली प्रत) आहे, ती कॉम्प्युटरवरून मायक्रो एसडी कार्डावर लिहायची (कॉपी-पेस्ट करून चालत नाही, डिस्क इमेजर लागते), मशीन पूर्ण बंद करून कार्ड घालायचं अन् चालू करायचं. हे मशीन आतल्या मेमरीच्या आधी कार्डावरून बूट होते, अन् हीच याची सगळ्यात मोठी खुबी आहे, कारण आतलं सॉफ्टवेअर कितीही बिघडलं तरी कार्ड घालून परत उभं करता येते. मेन्यू येतो, त्यात पहिले बॅकअप, मग रूट. बॅकअप आधी, हे मी दोनदा सांगीन. आतमध्ये एक छोटं पार्टिशन असते त्यात त्या त्या मशीनचा सिरीयल नंबर अन् वायफायचा पत्ता वगैरे असतो, ते गेलं तर दुसऱ्याच्या मशीनचा बॅकअप टाकून चालत नाही. रूट झालं की होम बटणावर रीलाँच नावाचा साधा लाँचर (ॲप उघडायचा मुख्य पडदा) मिळतो, त्यात फाइल मॅनेजर आहे, कार्डावरच्या एपीकेवर टच केलं की इन्स्टॉल. वायफायवरून एडीबी (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला हुकूम द्यायचं साधन) लावून पण टाकता येते, ॲप बनवताना मी तेच करत होतो कारण दरवेळी कार्ड काढायची कटकट नाही.

ॲप बनवणं. अँड्रॉइड २.१ म्हणजे एपीआय लेव्हल ७ (प्रोग्रामरसाठीचा अँड्रॉइडच्या आवृत्तीचा नंबर). आजच्या अँड्रॉइड स्टुडिओत नवीन प्रोजेक्ट उघडलं की ते आपोआप ज्या लायब्ऱ्या जोडते त्यातली एकही इथं चालत नाही, त्यांची किमान लेव्हल कितीतरी वर आहे. म्हणून सगळं काढून टाकायचं, ॲपकॉम्पॅट नको, मटेरियल नको, जुनी साधी ॲक्टिव्हिटी (ॲपचा एक पडदा) घ्यायची अन् एक स्वतःचा व्ह्यू (चित्र काढायची जागा), त्यातच रेघा, चौकटी, आकडे सगळं आपण काढायचं. किमान एसडीके, म्हणजे ॲप चालायला लागणारी कमीत कमी लेव्हल, ७ लिहायचं. माझं ॲप म्हणजे जावाच्या मोजून तीन-चार फाइली, अन् तयार एपीके एखाद्या व्हॉट्सॲपवरच्या फोटोपेक्षा लहान. दुकानातला लॅपटॉप जुना आहे, त्याच्यावर स्टुडिओ उघडायला चहा पिऊन यावं लागते, म्हणून मी कमांड लाइनवरूनच कंपाइल करतो, एवढ्याशा ॲपला तेवढं बस आहे.

एपीकेवर सही करताना, म्हणजे बनवणाऱ्याची डिजिटल खूण लावताना, एक मोठी अडचण येते अन् ती कुठं नीट लिहिलेली सापडत नाही म्हणून इथं सविस्तर सांगतो. एपीके बनते, नवीन मोबाईलवर चालून पण दाखवते, पण नूकवर टाकलं की सर्टिफिकेटच नाही असा एरर येते. सर्टिफिकेट तर असते. होते असं की सही करायच्या पद्धती बदलत गेल्या, दुसरी पद्धत अँड्रॉइड ७ पासून आली, जुन्या अँड्रॉइडला फक्त पहिली जार-वाली पद्धत समजते. अन् पहिल्या पद्धतीतही आतमध्ये एसएचए-२५६ (फाइलचा ठसा काढायची एक पद्धत) वापरलं असेल तर अँड्रॉइड ४.३ च्या आधीच्या मशीनला ते वाचता येत नाही, त्याला एसएचए-१ पाहिजे. एपीके-साइनर (सही करायचा प्रोग्राम) वापरताना किमान एसडीके ७ आहे असं सांगितलं की ते बरोबर जुन्या पद्धतीने सही करून देते. बस एवढंच आहे, पण हे माहीत नसलं तर माणूस मशीनच खराब आहे समजून सोडून देईल.

आता मराठीचं, अन् इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. अँड्रॉइड २.१ मध्ये देवनागरी नाहीच. टेक्स्ट लिहिलं की चौकोन चौकोन. फॉन्टची फाइल ॲपमध्ये टाकून वापरता येते, मी 'एक टाइप' नावाच्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट टाकला, तर चौकोन जाऊन अक्षरं आली पण कशी, 'किती' मधली पहिली वेलांटी 'क' च्या मागे जाऊन बसली, 'पर्जन्य' चा रफार 'ज' वर चढायच्या ऐवजी 'र' चा पाय मोडून शेजारी उभा राहिला, 'न्य' चं जोडाक्षर सुटं. कारण असं आहे की देवनागरीत नुसता फॉन्ट असून भागत नाही, कोणतं चिन्ह कोणाच्या आधी जाईल, कोण कोणाला जोडेल, हे ठरवणारा वेगळा भाग सिस्टीममध्ये लागते अन् तो या जुन्या अँड्रॉइडमध्ये नव्हताच, अँड्रॉइड ४ च्या सुमारास तो धड आला. बाबांसाठी बनवलेल्या वस्तूवर मोडकी मराठी मला चालणार नव्हती. इंग्रजीत लेबल लावून वेळ मारून नेता आली असती, पण मग ते माझं मशीन झालं असतं, त्यांचं नाही.

उपाय सोपा निघाला. सगळे शब्द कॉम्प्युटरवर इंकस्केप नावाच्या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये मुक्तात लिहिले, तिथं जोडाक्षरं बरोबर बसतात, अन् एकेका शब्दाचं पीएनजी चित्र काढलं. 'आजचा पाऊस', 'मिमी', 'ठेवा', 'पुसा', 'मागचा दिवस', 'पुढचा दिवस', 'आतापर्यंत एकूण', 'पावसाचे दिवस', 'खंड' (म्हणजे सलग किती दिवस पाऊस नाही), महिन्यांची बारा नावं, वारांची सात. चित्रं नो-डीपीआय फोल्डरमध्ये ठेवायची म्हणजे सिस्टीम त्यांना ताणत नाही, जसं काढलं तसं पिक्सेलला पिक्सेल उमटते. आकडे मात्र चित्र करायची गरज नाही, ० ते ९ एकमेकांना जोडत नाहीत, त्यामुळे फॉन्टमधून थेट लिहिले तरी बरोबर येतात. आज आमच्या घरचा नूक एकदम शुद्ध मराठी दाखवते, वेलांटी वेलांटीच्या जागी अन् रफार रफाराच्या जागी. ज्या ॲपमध्ये शब्द ठरलेले आहेत अन् बदलतात ते फक्त आकडे, अशा कोणत्याही ॲपला ही युक्ती चालते, दुधाचा हिशोब असो, मजुरांची हजेरी असो की विहिरीच्या पाण्याची पातळी असो.

ई-इंकसाठी डिझाइन करताना मोबाईलची सवय विसरावी लागते. इथं यादी बोटाने सरकवायचा प्रकार ठेवू नका, पडदा हळू बदलते अन् सरकवताना सगळा चिखल होते. पानं करा, बाजूच्या बटणांनी पुढे-मागे जाऊ द्या, या मशीनवर ती बटणं आहेतच तर त्यांचा उपयोग करा (त्यांचे कीकोड, म्हणजे बटणांचे नंबर, नेहमीपेक्षा वेगळे आहेत, बटण दाबून लॉगमध्ये काय येते ते छापून बघा अन् तेच ॲपमध्ये टाका). ॲनिमेशन शून्य. राखाडी छटा नको, काळं अन् पांढरं बस. जुन्या चित्राची पुसट सावली मागे राहते, ती घालवायला मी 'ठेवा' दाबल्यावर अख्खा पडदा एकदा काळा, एकदा पांढरा करून मग नवीन पान काढतो. त्याचा एक फायदा असा झाला की बाबांना नोंद झाल्याची खूण मिळाली, पडदा लपकला म्हणजे झालं. आकड्यांची बटणं मी अंगठ्याच्या दीडपट ठेवली, फोनच्या कीपॅडसारखी मांडणी, वरती तारीख मोठ्या अक्षरात कारण नोंद कोणत्या दिवसाची हे डोळ्यासमोर पाहिजे. हवामान खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मोडते, त्या वेळेला मोजलेला पाऊस म्हणजे मागच्या २४ तासांचा, अन् आम्ही पण तेच पाळतो, चहा झाला की बाबा अंगणाच्या पलीकडे मोकळ्या जागेतल्या पर्जन्यमापकाकडे जातात.

दुसऱ्या पानावर हंगामाचा हिशोब. १ जूनपासून एकूण किती, पावसाचे दिवस किती (२.५ मिमी किंवा त्याच्या वर झाला तरच पावसाचा दिवस मोजतात, चार थेंबाचा नाही), अन् सध्याचा खंड किती दिवसांचा चालू आहे. ही तिसरी ओळ मी नंतर टाकली अन् आता तीच सगळ्यात जास्त बघितली जाते, ऑगस्टमध्ये तर विचारू नका. ६४.५ मिमीच्या वर हवामान खाते जोरदार पाऊस म्हणते, त्या दिवसाच्या नोंदीभोवती ॲप जाड काळी चौकट काढते, महिन्याचं पान उघडलं की नजर तिथंच जाते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट आता सांगतो. हा नूक झोपला की पडद्यावर एक चित्र दाखवत राहते, स्क्रीनसेव्हर म्हणतात ते, अन् त्याच्या मेमरीत स्क्रीनसेव्हर नावाच्या फोल्डरमध्ये आपलं चित्र टाकलं की ते दाखवते. तर माझं ॲप नोंद झाल्याबरोबर ६०० बाय ८०० चं एक चित्र स्वतः काढते, त्यात हंगामाचा एकूण आकडा मोठ्या टाइपात, खाली आजचा पाऊस अन् खंड, अन् ते त्या फोल्डरमध्ये जुन्याच्या जागी लिहून टाकते. म्हणजे मशीन झोपलेलं असलं तरी ओसरीवरच्या फळीवर ठेवलेल्या जागेवरून आकडा दिसत राहते. हात लावायचं काम नाही. शेजारचे काका येतात, चपला काढायच्या आधी फळीकडे बघून विचारतात, "किती दाखवून राह्यली मशीन?" अन् बाबा न बघता सांगतात, "चारशे बारा, अन् खंड काही नाय सध्या." आईला आकड्यात रस नाही पण कपडे वाळवायचे, सरपण झाकायचं, यावर तिचं मत आता खंडाच्या ओळीवर चालते.

बाबांचं मत विचारलं तर एवढंच म्हणाले, "डोयाले तरास नाय, अन् हे मले काही विचारत नाय." मला वाटते यापेक्षा चांगला शेरा कोणत्या ॲपला मिळत नसेल. अपडेट मागत नाही, लॉगिन मागत नाही, लोकेशन द्या म्हणत नाही.

वापरताना काय काळजी घ्यावी लागते ते पण सांगतो, कारण ही वस्तू खेड्यातल्या घरासाठी बनवलेली नाही. याचा टच काचेवरचा नाही, पडद्याच्या चारही कडांच्या आतून अवरक्त किरण आडवे-उभे जातात अन् बोटाने ते अडले की जागा कळते. याच्यामुळे ओलं बोट, चिखलाचं बोट, पेनाचं टोपण, तुरीची काडी, कशानेही बटण दाबता येते, हातमोजे घालून पण. पण त्याच कारणाने कडेच्या खाचेत बारीक काही बसलं तर मशीनला वाटते कोणीतरी बोट ठेवून आहे. आमच्याकडे कापूस वेचून घरात आणला की रुईचे तंतू सगळीकडे उडतात, त्यातला एक खालच्या कोपऱ्यात अडकला तर '७' आपोआप दाबल्यासारखा वागते. मऊ ब्रश कडेने फिरवला की सुटते, लहान पोरांचा रंगाचा ब्रश असते तो चांगला. फुंकर मारू नका, तंतू आणखी आत जातो. दुसरं ऊन. वाचायला ऊन चांगलं पण ठेवायला नाही, ई-इंक पडदा साधारण ५० अंशांपर्यंत चालायला बनवलेला असतो अन् आमच्या मे महिन्यात सावलीतच ४५ च्या पुढे जाते, टिनाच्या खाली किंवा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर ठेवला तर पडदा अन् बॅटरी दोन्हीचं वाटोळं. मातीच्या भिंतीच्या घरात, ओसरीवर, काही होत नाही.

बॅटरीची तक्रारच नाही. वायफाय बंद ठेवा, बस. वायफाय चालू राहिलं तर मात्र भराभर उतरते. नोंदी मी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये कार्डावर ठेवतो, डेटाबेस वगैरे केला नाही, म्हणजे कार्ड काढून कोणत्याही कॉम्प्युटरमध्ये घातलं की एक्सेलमध्ये उघडते, दुकानात दर महिन्याला प्रिंट काढून फायलीला लावतो. कार्डच वापरा असं सांगायचं दुसरं कारण, सुरुवातीच्या मशीनमध्ये २ जीबीपैकी आपल्या फाइलींसाठी मोकळी जागा फक्त २४० एमबीच्या आसपास ठेवलेली आहे, बाकी सिस्टीमसाठी अन् कंपनीच्या पुस्तकांसाठी. अन् एक लक्षात ठेवा, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेलं असताना कार्ड कॉम्प्युटरच्या ताब्यात जाते, तेवढा वेळ ॲपला त्याच्यावर लिहिता येत नाही, ॲपमध्ये ते आधी तपासा अन् तशा निरोपाचं चित्र दाखवा, नाहीतर नोंद हवेत जाईल.

इंटरनेटची आशा ठेवू नका. आधी मला वाटलं होतं की हवामानाचा अंदाज पण ओढून दाखवू, पण अँड्रॉइड २.१ ला टीएलएसची (साइटशी सुरक्षित बोलायच्या पद्धतीची) १.० हीच आवृत्ती येते अन् आजच्या बहुतेक साइट त्याच्याशी बोलतच नाहीत. मधे स्वतःचा सर्व्हर ठेवून साध्या एचटीटीपीवर देता येईल, ज्याला हौस आहे त्याने करावं. मला विचाराल तर नेट नाही हेच बरं, गावात नेटवर्क असते कुठं धड. एडीबीसाठी मोबाईलचं हॉटस्पॉट वापरणार असाल तर ते २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ वालं याला दिसत नाही.

मराठी पुस्तकं वाचायची असतील तर ईपबचा नाद सोडा, वर सांगितलं तेच कारण, अक्षरं मोडतात. ज्यात फॉन्ट आत भरलेला आहे अशी पीडीएफ बरोबर दिसते पण सहा इंचात ए-४ चं पान म्हणजे डोळे फोडणं आहे.

किंडल का नाही, असं दुकानात आलेली पॉलिटेक्निकची पोरं विचारतात, कारण जुने किंडल आपल्याकडे जास्त सापडतात. होते त्याच्यावर पण. किंडलमध्ये अँड्रॉइड नाही, लिनक्स आहे, अन् आधी जेलब्रेक (कंपनीचं कुलूप तोडणं) लागते, ते होईल की नाही हे आतमध्ये सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आहे त्याच्यावर ठरते. झालं तर केयूएएल नावाचा लाँचर टाकून त्यात आपली शेल स्क्रिप्ट चालवता येते, अन् ईआयपीएस नावाच्या कमांडने थेट पडद्यावर चित्र टाकता येते. नुसतं दाखवायचं असेल, बोर्डासारखं, तर किंडल मस्त. पण टच घेऊन आकडा लिहून घ्यायचा म्हटलं की मेहनत वाढते. कोबो नावाचा दुसरा ई-रीडर आणखी मोकळा आहे, त्याला जेलब्रेकच लागत नाही, कोबोरूट नावाची बांधलेली फाइल त्याच्या छुप्या फोल्डरमध्ये टाकून केबल काढली की ते स्वतःच उघडून आत बसवून घेते. पण तिथं पण लिनक्सच, सी नाहीतर गो मध्ये लिहावं लागेल. ज्याला अँड्रॉइड येते त्याच्यासाठी नूकच सोपा, अन् खेड्यातल्या पोरांना शिकायला तर फारच चांगला, कारण २५६ एमबी रॅममध्ये, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, एकाही तयार लायब्ररीशिवाय ॲप लिहिलं की पाया एकदम पक्का होते. माझ्याकडे येणाऱ्या एका पोराने याच कोडवरून त्याच्या घरच्या डेअरीच्या दुधाचं केलं, सकाळ-संध्याकाळ लिटर अन् फॅट, मला त्याचा फार आनंद वाटला.

वापरलेलं मशीन घेणार असाल तर दाबून बघा, बाजूच्या बटणांवरचं रबर जुन्या पीसमध्ये तडकलेलं असू शकते. पडद्यावर कुठं न बदलणारी रेघ असेल तर घेऊ नका, ती जात नाही. चारही कोपऱ्यात बोट लावून टच येते का बघा. चार्जिंगचं तोंड साधं मायक्रो यूएसबी, जुन्या मोबाईलचं चार्जर चालते. मॉडेल नंबर मागे बीएनआरव्ही ३०० असा आहे का ते वाचा, म्हणजे वर सांगितलेलं सगळं तसंच्या तसं लागू होईल. अन् रूट करताना घेतलेला बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर अन् एक वेगळ्या कार्डावर, कार्डाच्या पाकिटावर त्या मशीनचा सिरीयल नंबर लिहा, घरात दुसरा नूक आला की कोणता कोणाचा हे नंतर ओळखू येत नाही.